जंजिऱ्याचा नवाब कोण ठरवत असे?

सातवीच्या वर्गात इतिहास शिकवताना जंजिऱ्याचा उल्लेख आला की आम्ही आधी फळ्यावर उर्दूत ‘जज़ीरा’ लिहितो. अरबीत त्याचा अर्थ बेट. टीव्हीवरची ‘अल जजीरा’ वाहिनी आणि मुरुडचा जंजिरा एकाच शब्दातून आले, हे कळल्यावर मुलांना मौज वाटते. मग तटाची उंची, कलाल बांगडी तोफ, शिवाजी महाराजांच्या मोहिमा, संभाजी महाराजांनी समुद्रात घालायला घेतलेला बांध, हे सगळे होते. मागच्या वर्षी मात्र एका मुलीने विचारले, “सर, तिथला राजा मेल्यावर पुढचा राजा कोण ठरवायचे?” पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. आम्हीही त्या दिवशी अर्धवटच दिले.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, मुख्यतः हबश देशातून आलेले लोक. पुष्कळ जण गुलाम म्हणून आले आणि दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत चढत गेले. आपल्या मराठवाड्याला हे नवे नाही. 1610 मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर हबशीच होता. जंजिऱ्याचा किल्ला निजामशाहीकडून या सरदारांच्या हाती आला आणि पुढे ते आदिलशाहीचे चाकर झाले.

गुलामीतून वर आलेल्या माणसांत ‘अमक्याचा मुलगा’ या ओळखीला फारसे वजन नव्हते. त्यामुळे बेटावर सिद्दी सरदारांची जमात हीच खरी सत्ता होती. प्रमुख जमातीतूनच निघे, सरदारांनी मानला तर टिके. मुलाला गादी मिळेलच असे नव्हते. प्रमुखाला बराच काळ ‘वजीर’ म्हणत. ‘नवाब’ हा किताब नंतर रूढ झाला.

ही पद्धत कशी चाले, हे 1670-71 च्या सुमारास दिसले. महाराजांच्या वेढ्याने जेरीस आलेला प्रमुख फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला. सिद्दी संबळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत या तिघांनी त्यालाच कैद केले, कारभार हाती घेतला आणि मोगलांशी संधान बांधले. औरंगजेबाने त्यांना आरमाराचे काम दिले. सुरतेहून हजला जाणाऱ्या जहाजांची राखणही त्यात आली. जंजिरा अजिंक्य राहिला तो तटामुळे, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. तट होताच; पण धनी डगमगला तेव्हा त्याला बाजूला सारणारी माणसेही आत होती.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. 1733 मध्ये सिद्दी रसूल वारला आणि घरातच तलवारी निघाल्या. थोरला मुलगा अब्दुल्ला मारला गेला. अब्दुल्लाच्या मुलाची, अब्दुल रहमानची, बाजू घेऊन पहिला बाजीराव कोकणात उतरला. हे बाजीरावाचे भट घराणे सिद्दीच्याच मुलखातले, श्रीवर्धनचे देशमुख. 1736 च्या तहात सिद्दीचा बराच मुलूख गेला. पुढे बाळू मियाँ नावाच्या वारसदाराने जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि 1791 च्या तहाने त्याला सुरतेजवळचे सचिन संस्थान मिळाले. गादीच्या भांडणातून एक नवीन संस्थानच जन्मले!

समुद्रापलीकडे काठेवाडातले जाफराबादही जंजिऱ्याच्याच ताब्यात होते. बेटाचे राज्य, आणि त्या राज्याला लांबचे आणखी एक बंदर. किनाऱ्यावर मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन. 1901 च्या जनगणनेत लोकवस्ती ऐंशी हजारांवर भरली. त्यातली बहुसंख्य हिंदू रयत.

1868 पर्यंत इंग्रजांचा इथे राजकीय प्रतिनिधीसुद्धा नव्हता. त्यानंतर फौजदारी न्यायाची दुर्दशा झाल्याचे सांगून इंग्रजांनी ते काम नवाबाच्या हातून काढून घेतले. 1879 मध्ये नवाब इब्राहिमखान वारला आणि त्याचा वयात न आलेला मुलगा अहमदखान गादीवर आला. वारसा मुस्लिम कायद्याप्रमाणे चालेल अशी सनद या घराण्याला इंग्रजांकडून मिळाली. ज्या बेटावर सरदार धनी बदलत असत, तिथे आता मुंबई सरकारने मान्य केलेला मुलगा धनी. भाऊबंदकीचे खून थांबले, हा फायदा लहान नव्हे. पण सरदारांचा शब्द उरला तो दरबारात बसण्यापुरता. 1922 मध्ये अहमदखान वारला तेव्हा वारस मुहम्मदखान लहान होता. त्याची आई कुलसूम बेगम हिने 1933 पर्यंत कारभार सांभाळला. तोफांच्या गोष्टी सांगताना या बाईंचे नाव आम्हीही कधी घेतले नव्हते.

8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबादचे राज्य संपले आणि आमचे धर्माबाद भारतात आले. जाफराबाद आज गुजरातेत, अमरेली जिल्ह्यात आहे.

पुढच्या तासाला हे सगळे त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे सरदारांना विचारायचे. मुरुडच्या कोळ्यांना आणि कुळवाड्यांना कधी विचारले?”

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, आम्ही म्हणालो. नवाबाच्या रयतेने आणि इथे निजामाच्या रयतेने तेव्हा एकाच निवडणुकीत मत दिले. तिने वहीत साल लिहून घेतले आणि खाली आपल्या दादीचे नाव लिहिले. त्या वेळी दादी मतदानाला गेली होती का, हे तिला घरी विचारायचे होते.