झोळाला वाट ठेवा

जमिनीवर जुनं सुती लुगडं अंथरा, त्यावर विरलेल्या साड्यांचा थर घाला आणि वरून ठिगळं जोडून तयार केलेलं कापड पसरा. हात फिरवून सगळं चापूनचोपून सपाट करा. आता धावदोरा घालत निघा. अर्ध्यावर पोचेपर्यंत वरचं कापड बोटभर पुढे सरकलेलं असतं आणि मध्येच एक झोळ उभा राहतो. कापड तर वाढलं नाही, मग हा झोळ आला कुठून?

तो सुईनेच आणला! दोरा ओढला की टाक्यातलं कापड किंचित गोळा होतं. शिवाय हाताच्या रेट्याने वरचा थर पुढे ढकलला जातो आणि खालचा जागच्या जागी राहतो. एका टाक्यात हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण गोधडीत टाके हजारो. सुटं कापड सुईच्या पुढे पुढे पळत राहतं आणि आधी शिवलेली रेघ आडवी आली की तिथेच अडकतं. तीच ती कायमची चुणी.

मशीनवर हा प्रकार आणखी वाढतो. खालचे दाते खालच्या कापडाला पुढे ओढतात आणि वरचा फूट वरच्या कापडाला दाबून धरतो. एकाच क्षणी दोन थरांना दोन उलटे हुकूम! यावर शोधलेला वॉकिंग फूट बघण्यासारखा आहे. त्याला स्वतःचे दाते असतात आणि ते सुईच्या दांड्याच्या हालचालीवर चालतात. त्यामुळे वरचं आणि खालचं कापड बरोबरीने सरकतं.

पण सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे आधी टाचून घेणं. दोन-तीन बोटं लांबीचे कच्चे टाके, मधून कडांकडे, म्हणजे सुटं कापड कडेने बाहेर निसटतं. काम झालं की हा दोरा सरकन ओढून काढता येतो. पक्का धावदोरा तसा ओढून बघा! सुई तीच, दोरा तोच, मग फरक कशाचा? वळणांचा. दोरा कापडातून वळतो तिथे घासतो आणि हे घर्षण वळणागणिक नुसतं वाढत नाही, गुणत जातं. खुंट्याला कासऱ्याचे दोन-तीन वेढे दिले की पोरगंसुद्धा बैल थोपवतं, ते याच हिशेबावर. हा हिशेब अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडला. लांब टाक्यात वळणं कमी म्हणून तो सुटतो, बारीक टाक्यात वळणं जास्त म्हणून तो वर्षानुवर्षं धरून ठेवतो.

टाचायचा कंटाळा येत असेल तर बाकदार सेफ्टी पिना लावा. तळहात कुठेही ठेवला तरी पिनेला लागला पाहिजे, इतक्या जवळ. खालचं कापड चिकटपट्टीने जमिनीला लावा, पण ताणू नका. ताणलेलं कापड सोडलं की आखडतं आणि वरचं गोळा होतं. आणि जुन्या सुती साड्याच का? धुऊन धुऊन त्यांचं आटणं संपलेलं असतं. त्यांचे तंतू वर आलेले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. गुळगुळीत पॉलिएस्टर घेतलंत तर दुप्पट दाट टाचा.

आता खरं नवल. टाचण्याची पायरी मुळातूनच गाळून टाकणारे लोक आहेत! उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांतले कित्येक जण पोर्तुगिजांच्या गोव्यातल्या गुलामगिरीतून पळून घाटातल्या रानात शिरले. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. वरचं कापड त्या आधी जोडतच नाहीत. खाली साडी अंथरायची, कड आत दुमडायची, कडेला एक ठिगळ ठेवायचं आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत निघायचं. त्याला लागून पुढचं ठिगळ, मग पुढचं. चारही कडा फिरून झाल्या की आतल्या फेरीला लागायचं, असं करत मध्यापर्यंत. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लागतातच, त्यांच्याशिवाय कवंदी उघडी मानतात.

आपण मधून बाहेर जातो, त्या बाहेरून आत. दोन्हीकडे झोळ टळतो! कारण झोळाला फक्त वाट लागते. आपल्याकडे ती कडेला उघडी असते, त्यांच्याकडे मध्यभागी. वरचं कापड अजून पुरं झालेलंच नसतं, त्यामुळे सरकायला फारसं काही नसतं. सुटं कापड पुढे आलं की पुढच्या ठिगळाची कड थोडी जास्त दुमडायची. शिवणं, जोडणं आणि टाचणं ही तीन कामं एकाच टाक्यात!

करून बघायचं तर बाळाच्या दुपट्याएवढ्या कापडावर करा. सुती दोरा घ्या, कोपऱ्यापासून सुरुवात करा. आणि मधलं ठिगळ आधी कापून ठेवू नका. शेवटच्या फेरीत तिथे जागा किती उरते ते पाहून मगच कात्री लावा.