कॅरेक्टर शीटमध्ये मोठी चौकट कोणाला द्यायची?

रविवारी नेरुळला मित्राच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलो. एक मैत्रीण पहिल्यांदाच आली होती. प्रत्येक वेळी फासा टाकला की कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, चाळत विचारायची, "आता यात किती मिळवू?"

चूक तिची अजिबात नाही, मांडणीची आहे.

१९७४ मध्ये हा खेळ आला तेव्हा पेटीत छापील शीट नव्हतीच. खेळाडूंनीच आपापले तक्ते आखायला सुरुवात केली. तेव्हा तुम्हीही बिनधास्त आखा!

आता मुद्द्याचं. पाचव्या आवृत्तीत ताकद, चपळाई अशा सहा गुणांना आकडे असतात. त्यातून १० वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा, अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्या. म्हणजे ताकद १६ असेल तर २० बाजूंच्या फाशात मिळवायचे ३. खेळताना १६ क्वचितच लागतो, +३ सतत लागतो. म्हणून मोठ्या चौकटीत +३ लिहा, १६ कोपऱ्यात बारीक.

हिट पॉइंट्स, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, शीटवर लिहूच नका. लढाईत ते सारखे बदलतात आणि खोडून खोडून कागद फाटतो. वेगळी चिठ्ठी ठेवा.

आणि प्रिंट काढताना बघा, बऱ्याच शीट अमेरिकन लेटर आकाराच्या असतात. आपला ए४ त्याहून अरुंद, त्यामुळे कडेच्या चौकटी कापल्या जातात. दुकानदाराला 'फिट टू पेज' करायला सांगा.

नवी मुंबईत कोण कोण खेळतं? तुमच्या शीटचा फोटो टाका, प्रश्न असतील तर जरूर विचारा.