यंत्राचे डोळे आणि माणसाची शंका



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. लष्करात त्याला आयएसआर म्हणतात. म्हणजे गुप्तवार्ता, पाळत आणि टेहळणी. बोलताना आपण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांच्यात फरक आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्या फरकावर उभं आहे. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ.

टेहळणी म्हणजे जाऊन बघून येणं. डोंगरापलीकडे किती तंबू आहेत, पुलावरून रणगाडा जाईल का, असा एखादा प्रश्न घेऊन जायचं आणि उत्तर घेऊन परतायचं. पाळत म्हणजे एकाच जागेवर किंवा एकाच माणसावर नजर खिळवून बसणं, तासन्‌तास, दिवसेंदिवस. आणि गुप्तवार्ता म्हणजे या दोन्हींतून, शिवाय इतर दहा वाटांनी आलेल्या माहितीचा लावलेला अर्थ. तंबू दिसले, ही माहिती झाली. तंबू रिकामे आहेत आणि फौज दुसरीकडे सरकली आहे, हा अर्थ झाला. दिसणं आणि समजणं यांच्यामध्ये एक पायरी असते. ती पायरी यंत्राच्या हाती दिली की काय होतं, हे आज आपल्याला बघायचं आहे.

आता पहिला प्रश्न असा, की यंत्र मुळात हवंच कशाला?

1960 सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेर-उपग्रहाने सोव्हिएत संघाची छायाचित्रं घेतली. नाव ऐकून दचकू नका, हे आजाराच्या साठ वर्षं आधीचं आहे. फिल्मचं रीळ एका कुपीत घालून खाली सोडायचं आणि पॅराशूटने उतरणारी ती कुपी विमानाने हवेतच अडकवून घ्यायची, अशी पद्धत होती. त्या एका फेरीत सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग टिपला गेला, तेवढा आधीच्या चार वर्षांत यू-2 विमानांच्या सगळ्या उड्डाणांत मिळूनही टिपला गेला नव्हता. मग फिल्म धुवायची, उजेडाच्या टेबलावर पसरायची आणि भिंगातून बघत बसायचं. अडचण होती ती फोटो मिळवण्याची.

आता तिथून पन्नास वर्षं पुढे या. अमेरिकेनेच आर्गस नावाची एक कॅमेरा-यंत्रणा तयार केली. त्यात 368 छोटे कॅमेरे एकत्र जोडलेले, आणि एका चित्रात 180 कोटी बिंदू. म्हणजे हवेत एक विमान घिरट्या घालतंय आणि खालचं अख्खं शहर एकाच वेळी चित्रित होतंय. हे सगळं बघणार कोण? साध्या एका ड्रोनचा हिशेब करा. दिवसभराचा व्हिडिओ म्हणजे चोवीस तास. तो बघायला आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लागणार. आणि आपल्याला माहीत आहे, रिकाम्या रस्त्याकडे टक लावून बसलेल्या माणसाचं लक्ष किती वेळ टिकतं ते! तर अडचणीने जागा बदलली. मिळवणं सोपं झालं, बघणं अवघड झालं.

इथे यंत्र आलं. 26 एप्रिल 2017 रोजी अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षण उपमंत्री रॉबर्ट वर्क यांनी एका पत्रकाने एक गट उभा केला. तो 'प्रोजेक्ट मेव्हन' या नावाने ओळखला जातो. त्याचं पहिलं काम अगदी मर्यादित होतं. ड्रोनच्या व्हिडिओतल्या वस्तू ओळखायच्या. माणूस, गाडी, इमारत, अशा 38 प्रकारच्या वस्तूंभोवती यंत्राने चौकट काढायची. त्याच वर्षाच्या अखेरीस ही यंत्रणा आयसिसविरुद्धच्या मोहिमेत वापरायला सुरुवातही झाली. गूगल या कामात होती. 2018 मध्ये तिच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं आणि कंपनीने कराराला मुदतवाढ घ्यायची नाही असं ठरवलं. पण काम थांबलं नाही. इतर कंपन्या पुढे आल्या.

यंत्र हे शिकतं कसं? आधी माणसं हजारो चित्रांवर हाताने चौकटी काढतात आणि लिहितात, ही गाडी, हा माणूस. यंत्र त्या बिंदूंच्या मांडणीतला सारखेपणा उचलतं. पुढे नवं चित्र आलं की ते सांगतं, ही गाडी असण्याची शक्यता इतके टक्के. लक्षात घ्या, ते 'ही गाडी आहे' असं म्हणत नाही, शक्यता सांगतं. शिवाय वाळवंटातल्या चित्रांवर शिकलेलं यंत्र बर्फात अडखळतं. आणि गाडी कुणाची, कुठे चालली आहे, कशासाठी, यातलं त्याला काहीच कळत नाही. म्हणजे 'दिसणं' त्याने घेतलं, 'समजणं' अजून आपल्याकडेच आहे.

मग लोक म्हणतात, यंत्राची अचूकता वाढवा, की झालं. इथे एक छोटा हिशेब मांडतो. हे आकडे माझे, समजण्यापुरते. समजा, एका शहरात एक लाख गाड्या आहेत आणि त्यांतल्या 10 खरोखर शत्रूच्या आहेत. यंत्र 99 टक्के अचूक आहे. फारच चांगलं यंत्र! त्या दहाही गाड्या त्याने पकडल्या असं धरू. पण उरलेल्या 99,990 गाड्यांपैकी एक टक्का, म्हणजे जवळपास हजार गाड्यांवरही ते चुकून बोट ठेवणार. पडद्यावर एकूण 1,010 लाल चौकटी दिसतील आणि खऱ्या असतील 10. शंभरातली एक! आता पडद्यासमोर बसलेल्या तरुण अधिकाऱ्याला तुम्ही सांगितलंय की यंत्र 99 टक्के अचूक आहे. समोरची लाल चौकट 99 टक्के खरी, असंच तो धरून चालणार ना? आणि प्रत्यक्षात ती 99 टक्के खोटी आहे. शोधायची गोष्ट जितकी दुर्मीळ, तितकी ही दरी मोठी होत जाते.

हे कागदावरचं झालं. आता घडलेल्या गोष्टी बघू.

23 मार्च 2003. इराक युद्धाचे सुरुवातीचे दिवस. ब्रिटनचं एक टोर्नेडो विमान मोहिमेवरून परत येत होतं. अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेने त्याला शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं. बटण दाबायला माणूस होता, पण निर्णयाला वेळ फार थोडा होता. त्याने यंत्रावर विश्वास ठेवला. आपल्याच बाजूचे दोन वैमानिक मारले गेले.

आता याच्या उलट. 26 सप्टेंबर 1983, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मॉस्कोजवळच्या एका बंकरमध्ये लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होते. उपग्रह-यंत्रणेने इशारा दिला की अमेरिकेने क्षेपणास्त्र डागलंय. मग दुसरं, असं करत पाच. पेत्रोव्ह यांनी विचार केला की कुणी अणुयुद्ध सुरू करायचं ठरवलं तर फक्त पाचच क्षेपणास्त्रं सोडेल का? यंत्रणा नवी होती, आणि जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नव्हतं. त्यांनी वर कळवलं, इशारा खोटा आहे. पुढे उलगडा झाला की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते. यंत्राने 'दिसलं' म्हणून सांगितलं आणि माणसाने 'याचा अर्थ लागत नाही' म्हणून सांगितलं.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल, की यंत्र वाईट आणि माणूस चांगला. तसं नाही, आणि तसं मला म्हणायचंही नाही. 3 जुलै 1988 रोजी पर्शियाच्या आखातात अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं विमान, उड्डाण करून जेमतेम सात मिनिटं झाली होती. 290 माणसं गेली, त्यांत 66 मुलं होती. त्या नौकेवरच्या एजिस यंत्रणेच्या नोंदी नंतर तपासल्या. त्यात विमान वर चढत असल्याचं स्पष्ट होतं. पण चकमकीच्या गोंधळात नौकेवरचे काही जण सांगत होते की ते खाली, आपल्या दिशेने येतंय. हल्ला होणार अशी मनाची तयारी झाली होती, त्यामुळे समोरचा आकडाही त्यांना दिसला नाही. इथे यंत्र बरोबर होतं आणि माणूस चुकला.

मग धरायचं कोणाला? माझ्या मते प्रश्नच वेगळा विचारायला हवा. यंत्र की माणूस, हा प्रश्न नाही. त्या खोलीत शंकेला जागा होती का, हा प्रश्न आहे. आणि त्यासाठी मी तुम्हाला शेवटचा प्रसंग सांगतो.

29 ऑगस्ट 2021, काबूल. तीनच दिवसांपूर्वी विमानतळाच्या दारावर आत्मघाती स्फोट झाला होता, त्यात अमेरिकेचे 13 सैनिक आणि दीडशेहून अधिक अफगाण माणसं गेली होती. पुढचा हल्ला होणार अशी खबर होती आणि त्या खबरीत पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा उल्लेख होता. काबूलमध्ये पांढरी कोरोला म्हणजे जिकडेतिकडे दिसणारी गाडी! अशाच एका गाडीवर ड्रोनमधून आठएक तास पाळत ठेवली गेली. चालक थांबे घेतो, माणसं चढतात-उतरतात, डबे भरले जातात. बघणाऱ्यांनी ठरवलं, स्फोटकं. गाडी एका घराच्या अंगणात शिरली आणि क्षेपणास्त्र सुटलं. दहा जण मेले, सगळे नागरिक, त्यांतली सात मुलं. चालक एका अमेरिकी मदतसंस्थेत काम करणारा होता. डब्यांत पाणी होतं.

17 सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने चूक जाहीरपणे मान्य केली. पुढे झालेल्या चौकशीत दोन गोष्टी समोर आल्या, त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, आधीच पक्क्या झालेल्या समजुतीला जुळेल तेवढंच बघितलं गेलं. दुसरी, हल्ल्याच्या सुमारे दोन मिनिटं आधीच्या चित्रणात एक मूल दिसत होतं. सहज लक्षात येईल असं नव्हतं, शोधणाऱ्यालाच दिसेल असं. आणि त्या क्षणी मूल कुणी शोधतच नव्हतं.

आता विचार करा. न थकणारं, न घाबरणारं यंत्र तिथे असतं आणि त्याला 'मूल दिसलं तर ओरड' एवढंच काम दिलेलं असतं, तर? कदाचित ते ओरडलं असतं. पण त्याच यंत्राला 'पांढरी कोरोला शोध' एवढंच सांगितलं असतं, तर त्याने अख्ख्या काबूलभर लाल चौकटी काढल्या असत्या आणि खात्री आणखी वाढवली असती. यंत्र तेच. फरक आपण त्याला काय शोधायला लावतो याचा.

तेव्हा आजच्या व्याख्यानाचं सार मी एवढंच सांगेन, की टेहळणीचं यंत्र खात्री वाढवायला वापरलं तर ते घातक आहे, आणि शंका जिवंत ठेवायला वापरलं तर फार उपयोगी आहे. काबूलच्या चौकशीतली एक शिफारस याच अंगाची होती, की अशा खोलीत एक माणूस असा असावा, ज्याचं कामच मुळी समोरच्या निष्कर्षाला विरोध करणं हे असेल. अमेरिकेच्या शस्त्रविषयक धोरणात माणसाचा पुरेसा विवेक राखावा असं लिहिलेलं आहे. चांगलं आहे. पण वीस सेकंदांत 'होय'चं बटण दाबणारा माणूस विवेक वापरत नसतो, तो शिक्का मारत असतो. विवेकाला वेळ लागतो, आणि 'नाही' म्हणण्याची मुभा लागते.

जाता जाता आपल्याकडची एक आठवण. मे 1999. कारगिलच्या बटालिक भागात घुसखोरी झाल्याची पहिली खबर दिली ती तिथल्या गुराख्यांनी. नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने आपल्या गुप्तवार्ता-यंत्रणेतल्या त्रुटींवर बोट ठेवलं आणि पुढच्या वर्षांत उपग्रह, ड्रोन, नवी तांत्रिक संघटना असं बरंच काही आपण उभं केलं. ते करायलाच हवं होतं. पण त्या गुराख्यांकडे काय होतं? रोज दिसणारा डोंगर कसा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यावर रोज न दिसणारी माणसं त्यांना खटकली. हे खटकणं ज्याला येतं, त्याचं ऐकायला खोलीत कुणीतरी असलं पाहिजे. मग तो गुराखी असो, मध्यरात्री बंकरमध्ये बसलेला अधिकारी असो, नाहीतर नीट प्रश्न विचारून कामाला लावलेलं यंत्र असो.

इथे थांबतो.