चाळिशीनंतर ताऱ्यांचे छायाचित्रण

आकाशदर्शनाचा छंद आपल्या ठाणे जिल्ह्याला नवा नाही. कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणी येथे मुंबईचे खगोल मंडळ अनेक वर्षे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आले आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतही पावसाळा संपल्यावर आकाश स्वच्छ होते. पश्चिम क्षितिजावर कल्याण-मुंबईचा उजेड दिसतो. पण टोकावड्याच्या पुढे माळशेजकडे किंवा माहुलीच्या पायथ्याशी बराच अंधार मिळतो. मात्र वयाने थोर मंडळी कॅमेरा घेऊन बसली की एकच तक्रार करतात, "तारा नीट दिसतच नाही, फोकस करायचा कसा?" याचे उत्तर समजण्यास सोपे आहे.

डोळ्यात काय बदलते?

डोळ्यातील भिंग वयाबरोबर ताठर होते व जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. यालाच आपण चाळिशी म्हणतो. दुसरा बदल बाहुलीचा. तरुणाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते. साठीत ती अनेकांची ५ मिलिमीटरच्या आसपासच उघडते. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर डोळ्यात जाणारा प्रकाश जवळजवळ निम्मा होतो.

उपाय कोणते?

१) चष्मा कामाप्रमाणे वापरावा. आकाशाकडे पाहताना लांबचा, कॅमेऱ्याच्या मागील पडदा पाहताना वाचण्याचा. वाचण्याचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवावा, म्हणजे अंधारात शोधावा लागत नाही.

२) कॅमेऱ्याच्या नेत्रिकेजवळ बहुधा एक लहान चाक असते. ते आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवावे. त्या वेळी ताऱ्याकडे न पाहता नेत्रिकेतील खुणा व आकडे स्पष्ट दिसतात का, ते पाहावे. हे काम दिवसाच करून ठेवावे.

३) स्वयंचलित फोकस बंद करावा. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये, कारण अनेक भिंगे त्या खुणेच्या पुढेही फिरतात. पडद्यावर व्याध, स्वाती किंवा अभिजित असा तेजस्वी तारा आणून तो दहापट मोठा करावा व ठिपका सर्वांत लहान होईल तेथे थांबावे. ध्रुवतारा जवळजवळ स्थिर असल्याने तोही सोयीचा. आपल्याकडे तो उत्तरेला सुमारे १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर असतो.

४) लांब पल्ल्याच्या भिंगावर बाहतिनोव जाळी लावावी. रशियाच्या पावेल बाहतिनोव यांनी ती २००५ साली शोधली. तीन दिशांच्या फटींमुळे ताऱ्याभोवती तीन रेघा उमटतात. मधली रेघ इतर दोघींच्या छेदावरून बरोबर गेली की फोकस साधला. तारा किती बारीक दिसतो हे ठरवण्यापेक्षा रेघ मध्यभागी आहे का हे ओळखणे थकलेल्या डोळ्यालाही सोपे जाते.

५) फोकस झाल्यावर भिंगाचे कडे चिकटपट्टीने बांधावे. रात्री हवा गार होते तसा फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासावे. चित्र अचानक धूसर झाले तर आधी भिंगावर दव पडले आहे का ते पाहावे.

विद्यार्थ्यांनी येथे मोठ्यांचे डोळे व्हावे. कॅमेरा मोबाइलला जोडून चित्र मोठे करून दाखवावे. पडद्यावरील निर्णय मुलांचा आणि कोणता तारा कोठे उगवतो हे ज्ञान आजोबांचे, असे जमले तर दोघेही शिकतात.

नुसती चाळिशी समजू नका

चष्मा लावूनही धूसर दिसत असेल, दिव्याभोवती कडी दिसत असतील किंवा रात्री चालताना अडखळायला होत असेल, तर दोष कॅमेऱ्याचा नव्हे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही आणि सुरुवातीला त्याची जाणीवही होत नाही. म्हणून चाळिशीनंतर ठरावीक काळाने नेत्रतज्ज्ञाकडून डोळे व डोळ्यांतील दाब तपासून घ्यावा. तसेच योग्य गाळणीवाचून कॅमेऱ्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणभराच्या चुकीनेही नजर कायमची जाऊ शकते.

तारे कोठेही जात नाहीत. ते पाहणारी दृष्टी जपणे आपल्या हाती आहे. ती जपावी आणि उरलेले काम भिंग, जाळी व घरातील मुले यांच्याकडून करून घ्यावे.