नवागतांचे स्वागत : एक आर्थिक निकड

जिची मूळ संहिता कोणीही पाहावी, वापरावी, सुधारावी, ती मुक्त संगणकप्रणाली ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही. परंतु वापरणारे वाढले म्हणून सांभाळणारे वाढतातच असे नाही. २०१४ साली ‘ओपन एसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता मूठभर मंडळींच्या श्रमांवर विसंबून असल्याचे जगाला कळले. २०२४ साली तर ‘एक्सझेड’ या प्रकल्पात, एकट्या व थकलेल्या सांभाळकर्त्याच्या मदतीस आलेल्या अनोळखी सहकाऱ्यानेच चोरवाट दडवून ठेवल्याचे आढळले.

मग नव्यांना दारे बंद करावीत काय? मुळीच नाही. सारा भार एकट्यावर पडला, म्हणूनच तो धोका संभवला. अनेक हात आणि अनेक डोळे हाच त्यावरील उपाय. मोझिलाच्या प्रकल्पांत सोपे दोष नवशिक्यांसाठी राखून ठेवतात, सोबत मार्गदर्शकही देतात. पहिल्या चुकीला हेटाळणीऐवजी समजूत लाभली, तर नवखा टिकतो. त्यासाठी जाणारा वेळ जुन्याजाणत्यांनी खर्च न मानता भांडवली गुंतवणूक मानला पाहिजे.