डोळ्यांपुढचे तरंगते ठिपके: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताटातल्या पांढऱ्या भातावर केस दिसतो, उचलायला जावं तर तो नजरेबरोबर वाटीकडे सरकतो. पन्नाशी-साठीनंतर असा केस, ठिपका किंवा जाळी अनेकांना दिसू लागते आणि घरात लगेच निदान होतं, मोतीबिंदू आला!

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळतं, त्यामुळे सगळंच धूसर दिसतं. हे तरंगते ठिपके भिंगाच्या मागचे. तिथे सुमारे 4 मिलिलिटर काचद्रव असतो, अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा दाटसर आणि पारदर्शक. त्यात बहुतेक पाणीच, बाकी कोलॅजेनचे अतिसूक्ष्म धागे. वयानुसार द्रव पातळ होतो, धागे एकमेकांना चिकटतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. म्हणून उजळ आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना ती ठळक होते, आणि नजर थांबली तरी क्षणभर वाहत राहते. मायनस नंबर मोठा असेल तर हे तरुणपणीही दिसतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ठिपके दिसले की ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणून लोक हाय खातात. पुष्कळदा ते आधीपासूनच असतात, गढूळ भिंग गेल्यावर स्पष्ट दिसतात. शस्त्रक्रियेनंतर काचद्रवातले बदलही लवकर होतात. तरी नवे ठिपके डॉक्टरांना दाखवावेतच.

चष्म्याचा नंबर बदलून किंवा डोळ्यांचे व्यायाम करून हे धागे जात नाहीत. मध, गुलाबपाणी, एरंडेल तर डोळ्यात घालूच नये. फायदा शून्य, जंतुसंसर्गाची भीती मात्र खरी. लेसर आणि काचद्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हे उपाय आहेत, पण शस्त्रक्रियेत पडदा सरकण्याचा किंवा मोतीबिंदू वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे फारच त्रास असेल तरच डॉक्टर तिचा विचार करतात. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत या सावल्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो, धागेही खाली बसतात.

मला सगळ्यात घातक वाटतो तो उलटा गैरसमज: ‘वयोमानाने होतंच, दुखत तर नाही ना!’ पातळ झालेला काचद्रव एक दिवस पडद्यापासून सुटतो. बहुतेकांचा सुखरूप सुटतो. काहींच्या बाबतीत मात्र सुटताना तो पडदा ओढतो आणि फाडतो. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे फाटलं तरी दुखत नाही. खुणा वेगळ्या असतात: अचानक ठिपक्यांचा पाऊस पडणं, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखा उजेड दिसणं, बाजूने काळा पडदा सरकत येणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. नुसतं फाटलेलं असेल तर बहुधा लेसरने तिथल्या तिथे सांधता येतं. पडदा सुटला की मोठी शस्त्रक्रिया लागते आणि गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. मधुमेह्यांमध्ये हे ठिपके रक्तस्रावाचेही असू शकतात.

एक डोळा झाकून दुसऱ्याने पाहण्याची सवय ठेवावी. दोन्ही उघडे असताना एकाचं बिघडलेलं लक्षात येत नाही. तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि काही तास जवळचं अंधुक दिसतं, म्हणून स्कूटर घरी ठेवून कुणाला तरी सोबत न्यावं. पडदा ठीक आहे असं सांगूनही डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं तर ती खेप चुकवू नये, कारण काही वेळा पडदा पहिल्या तपासणीनंतर फाटतो.