पाहुण्यांसाठी एक पान

बाग म्हटली, की रंगीबेरंगी फुले, कातरलेली कुंपणे आणि झाडून लख्ख केलेली जमीन आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. अशी बाग मनाला प्रसन्न करते; परंतु तिच्यात पाखराला पोटभर घास मिळेलच असे नाही. बाग खरोखर संपन्न आहे काय, हे जाणावयाचे असेल, तर तिच्यातील पाने निरखून पाहावीत.

लिंबाच्या झाडाची कोवळी पाने पुष्कळदा कुरतडलेली दिसतात. जवळून पाहिले, तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक लहानशी अळी पानावर स्वस्थ बसलेली आढळते. हे तिचे सोंग होय. त्यामुळे पक्ष्यांची दृष्टी चुकते. वाढता वाढता ती हिरवी होते, पुढे कोशात जाते आणि काही दिवसांनी त्यातून देखणे फुलपाखरू बाहेर पडते.

या अळीला मारण्यासाठी विष फवारले, तर पाने शाबूत राहतील. पण फुलपाखरू दिसणार नाही. एवढ्यानेच भागत नाही. चिमणी स्वतः दाणे टिपते खरी, परंतु आपल्या पिलांना ती मुख्यतः अळ्या व किडे भरवते. किडेच नसतील, तर अंगणात कितीही तांदूळ टाकून काय उपयोग? शिवाय त्याच विषाने मधमाश्याही मरतात. भोपळ्याच्या वेलावर नरफुले व मादीफुले वेगवेगळी असतात. एकाचे पराग दुसऱ्यापर्यंत मधमाश्यांनी पोहोचविले नाहीत, तर भोपळा धरत नाही. म्हणजे अखेर नुकसान माणसाचेच!

पाखरांना आवडणारी बाग करण्यास फार जागा वा पैसा लागत नाही. अळ्यांसाठी लिंबू व कढीपत्ता, मधासाठी तुळस व जास्वंद लावावी. पालापाचोळा जाळू नये. तो झाडांच्या बुंध्याशी कुजू द्यावा, म्हणजे त्याचेच खत होते व गांडुळांनाही अन्न मिळते. सावलीत एक पसरट परळ पाण्याने भरून ठेवावे. मात्र डास होऊ नयेत म्हणून ते पाणी रोज बदलावे. अळ्या फारच वाढल्या, तर त्या हाताने वेचाव्यात.

मुंबईत धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी, एके काळी शहराचा कचरा टाकीत असत. तेथे १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी पहिले झाड लावले आणि १९९४ साली ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर जर पाखरे आणि फुलपाखरे नांदू शकतात, तर आपल्या परसात का नांदणार नाहीत?

घरी पाहुणा आला, की आपण त्याचे पान मांडतो. बागेतील पाहुण्यांसाठीही झाडावरची चार पाने राखून ठेवावीत. कुरतडलेले पान दिसले, तर बाग बिघडली असे समजू नये. तेथे कोणी तरी जेवून गेले आहे, एवढेच समजावे.